ऑर्डर्स फुल्ल, गल्ला रिकामा!

धंदा कशामुळे बसतो, असं कोणालाही विचारा. कॅन्टीनवाल्या काकांपासून ते इंडस्ट्रियल मॅनेजमेंट शिकवणाऱ्या सरांपर्यंत सगळे एकच उत्तर देतील: गिऱ्हाईक नाही म्हणून. बरोबरच आहे. पण मित्र-मैत्रिणींनो, गिऱ्हाईक फार झालं म्हणूनही धंदा बसू शकतो, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. आपल्याकडे दर वर्षी फायनल इयरची निम्मी पोरं "प्लेसमेंट नाही झालं तर स्वतःचं काहीतरी सुरू करू" असं म्हणत असतात. सुरू कसं करायचं यावर गेस्ट लेक्चर्स होतात. पण चालायला लागल्यावर काय होतं, यावर कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

माझी आत्या पुण्यात इंटिरियर डिझाईनचा व्यवसाय करते. या उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे मी तिच्या ऑफिसात जाऊन बसत होते. कधी बिलं लावत होते, कधी साईटवर टेपचं दुसरं टोक धरून उभी राहत होते. एकेकाळी चांगला चाललेला हा धंदा केवळ जास्त चांगला चालल्यामुळे बंद पडायच्या बेतात आला होता, ती हकिगत मी तिथे तुकड्या-तुकड्याने ऐकली. त्यातलं इंजिनिअरिंग मला फार आवडलं. (मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे माझ्या मराठीत मधूनमधून इंग्रजी शब्द डोकावतील. शुद्धलेखनाची तक्रार संपादक मंडळाकडे करावी!)

इंटिरियर म्हणजे पडदे नव्हेत

आपल्याला वाटतं, इंटिरियर डिझायनर म्हणजे सोफ्याला कुठला रंग शोभेल ते सांगणारी व्यक्ती. प्रत्यक्षात रंग निवडणं हा कामाचा अगदी छोटा भाग. एक थ्री बीएचके फ्लॅट करायचा तर आधी मोजमाप, मग ड्रॉइंग, मग कुठली वस्तू किती लागेल याचा तक्ता. त्यानंतर तोडफोड आणि गवंडीकाम, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, पीओपीवाला, सुतार, लॅमिनेट, पेंटर, फिटिंग्ज आणि शेवटी साफसफाई. आठ-दहा वेगवेगळ्या धंद्यांची माणसं, प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा, आणि सगळ्यांनी एकाच हजार-बाराशे स्क्वेअर फुटांत काम करायचं.

शिवाय त्यांचा क्रम ठरलेला असतो. इलेक्ट्रिशियनचे पाईप टाकून झाल्याशिवाय पीओपीवाल्याला सीलिंग बंद करता येत नाही. किचनचा ओटा बसल्याशिवाय त्याच्या खालच्या शटरचं शेवटचं माप घेता येत नाही. सुतार लाकूड कापतोय तोपर्यंत पेंटरने शेवटचा हात मारला, तर सगळा भुसा ओल्या रंगावर चिकटतो. आपण थर्ड इयरला पर्ट आणि सीपीएम शिकतो ना, ते हेच. क्रिटिकल पाथ मेथड १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या कामातून आली आणि पर्ट त्याच सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पातून. आत्याने यातलं काहीही शिकलेलं नाही, पण "पीओपीवाला दोन दिवस आला नाही तर माझा पेंटर आठ दिवस जातो, कारण तो मधल्या काळात दुसरी साईट धरतो" हे ती एका दमात सांगते. क्रिटिकल पाथवरचा उशीर नुसता पुढे सरकत नाही, तो फुगतो. हे मला पुस्तकात नव्हतं दिसलं.

दोन साईटवरून नऊ साईटवर

सुरुवातीची बरीच वर्षं आत्याकडे एका वेळी दोन, फार तर तीन साईट्स असायच्या. ती स्वतः, एक ड्रॉइंग काढणारी मुलगी, एक हेडमिस्त्री आणि हिशेबाला अर्धा दिवस येणारे एक काका. चार माणसं. सगळं आत्याच्या डोक्यात. कुठल्या घरात कुठलं लॅमिनेट, कुठल्या काकूंना ड्रॉवर उजवीकडे हवाय, सगळं पाठ. वही नाही, एक्सेल शीट नाही. काम उत्तम, म्हणून एका घरातून दुसरं घर मिळत गेलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं ठप्प झालं. कारागीर गावाला गेले. पण त्यानंतर लोक घरून काम करायला लागले, आणि डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून पाठ दुखायला लागल्यावर प्रत्येकाला घरात ऑफिस हवं झालं. २०२२ पर्यंत आत्याकडे एका वेळी नऊ साईट्स झाल्या आणि चारची बारा माणसं झाली. घरात सगळे खूश. आजीने सत्यनारायण घातला.

आणि नेमकं तिथून बिघडायला लागलं. चुकीचं लॅमिनेट चुकीच्या घरी जायला लागलं. गिऱ्हाईक सुपरवायझरला एक सांगे, सुपरवायझर मिस्त्रीला दुसरं सांगे, आणि ड्रॉइंगमध्ये तिसरंच असे. वॉर्डरोब तयार झाल्यावर कळे की त्याच्यामागे एसीचा पॉइंट आहे.

माणसं तीच, मिस्त्री तोच, मग झालं काय? इथे एक साधं गणित आहे. चार माणसं असतील तर त्यांच्यात एकमेकांशी बोलायच्या जोड्या किती? न गुणिले न वजा एक, भागिले दोन. म्हणजे सहा. बारा माणसं असतील तर? सहासष्ट! माणसं तिप्पट झाली, पण निरोप चुकायच्या जागा अकरा पट झाल्या. फ्रेड ब्रुक्स नावाच्या आयबीएममधल्या इंजिनिअरने १९७५ साली "द मिथिकल मॅन-मंथ" नावाचं पुस्तक लिहिलं. कॉम्प्युटरवाल्यांना ते माहीत असेलच. त्यात तो म्हणतो की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की उशीर वाढतो, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलण्याच्या जोड्या वाढतात. सुतारकामाला हे आणखीनच लागू. आठ बाय दहाच्या किचनमध्ये सहा सुतार घातले तर काम तिप्पट वेगाने होत नाही. सहाजण एकमेकांच्या कोपराला लागतात, बस्स.

लॅरी ग्रायनर या अमेरिकन प्राध्यापकाने १९७२ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं असं की कंपनी सरळ रेषेत वाढत नाही, पायऱ्यांनी वाढते, आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी एक संकट असतं. आधी मालकाच्या कल्पकतेवर सगळं चालतं. मग पसारा इतका होतो की नुसती कल्पकता पुरत नाही, कोणीतरी शिस्त लावावी लागते. शिस्त लावली की हाताखालचे लोक कुरकुरतात, आम्हाला काही ठरवूच देत नाहीत म्हणून. त्यांना अधिकार दिले की वरच्याला वाटतं, सगळं हातातून चाललं. मग पुन्हा नियम, आणि नियम फार झाले की फॉर्म भरण्यातच दिवस जातो. म्हणजे गंमत बघा, एका संकटावरचं जे औषध, तेच पुढच्या संकटाचं कारण! मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग हे मला तेव्हाच कोणी का नाही सांगितलं? मला वाटायचं मीच कुठेतरी कमी पडतेय."

नफा आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी

निरोपांचा गोंधळ एकवेळ परवडला. खरी भीती पैशाची होती. आपल्याला वाटतं, नफा होतोय म्हणजे पैसे आहेत. इथेच मेख आहे.

समजा, एक काम १० लाखांचं आहे. खर्च ८ लाख, नफा २ लाख, मुदत तीन महिने. (जीएसटी सध्या बाजूला ठेवू.) खर्च पहिल्या महिन्यात साडेतीन लाख, दुसऱ्यात तीन लाख, तिसऱ्यात दीड लाख. घराचं काम असेल तर गिऱ्हाईक सुरुवातीला निम्मे, म्हणजे ५ लाख देतं, दुसरा महिना संपताना ४ लाख आणि किल्ली हातात दिल्यावर शेवटचा १ लाख. मांडून बघा. पहिल्या महिन्याच्या शेवटी हातात दीड लाख उरतात. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी, चार लाखांचा चेक यायच्या आधी, आपण दीड लाखाने खड्ड्यात असतो. मग चेक येतो आणि खड्डा भरतो. ठीक आहे, ओढाताण होते पण चालून जातं.

आता हेच १० लाखांचं काम एखाद्या कंपनीच्या ऑफिसचं आहे असं समजा. कंपनी सुरुवातीला फक्त १ लाख देते. बाकीचं महिन्याच्या शेवटी बिल द्या, पैसे ६० दिवसांनी. पहिल्या महिन्याच्या शेवटी खड्डा अडीच लाख. दुसऱ्याच्या शेवटी साडेपाच लाख. तिसऱ्याच्या शेवटी ७ लाख, आणि काम संपलेलं! पहिल्या बिलाचे पैसे आता कुठे यायला लागणार. अशी चार कामं एकदम घेतली तर कागदावर नफा ८ लाख, आणि प्रत्यक्षात खड्डा २८ लाखांचा. ऑर्डर जितक्या जास्त, खड्डा तितका खोल. याला अकाउंट्सच्या भाषेत ओव्हरट्रेडिंग म्हणतात. धंदा तोट्यात नसतो, तरी बुडतो.

त्यात जीएसटी. इंटिरियरच्या कामावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो बिल फाडलं की देणं लागतो. पैसे हातात आले की नाही हे सरकार बघत नाही. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याने जानेवारीत साडेतीन लाखांचं बिल दिलं, तर त्यावरचे ६३ हजार २० फेब्रुवारीपर्यंत भरायचे. प्लाय, लॅमिनेट घेताना जो कर भरला तो यातून वजा होतो. पण नोंदणी नसलेल्या छोट्या ठेकेदाराच्या मजुरीवर जीएसटीच नसतो, त्यामुळे त्याचं क्रेडिटही मिळत नाही, आणि इंटिरियरमध्ये मजुरीचा वाटा मोठा असतो.

मग हा खड्डा लोक भरतात कसा? नव्या गिऱ्हाईकाच्या ॲडव्हान्सने जुन्या साईटचा प्लाय आणायचा. याची टोपी त्याच्या डोक्यावर! नव्या ऑर्डरी येत राहिल्या की हे दिसतच नाही, उलट धंदा जोरात वाटतो. पण एक महिना नवीन काम आलं नाही, की सगळ्या टोप्या एकदम उडतात.

२०२२ ची दिवाळी

आत्याचं नेमकं हेच झालं. एका बिल्डरचं ऑफिस तिने केलं होतं. काम आवडलं, फोटो काढले, पण शेवटचं मोठं बिल अडकलं. आज साहेब नाहीत, उद्या अकाउंटंट रजेवर, परवा एका दाराच्या पॉलिशचा रंग पसंत नाही. तिकडे दिवाळी आली. तिच्याकडचे बहुतेक सुतार राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले. दिवाळीला गावी जायच्या आधी वर्षाचा हिशेब पुरा करायचा, ही या धंद्यातली रीत. त्या पैशावर कोणाच्या बहिणीचं लग्न, कोणाच्या घराचं छप्पर अडलेलं असतं. तिकिटं काढून झालेली असतात. त्यांना "बिल्डरने पैसे दिले नाहीत" हे सांगून काय उपयोग? त्यांनी बिल्डरचं काम केलंच नव्हतं, त्यांनी आत्याचं काम केलं होतं.

प्लायवाल्याने उधारी थांबवली. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये बातमी फिरायला वेळ लागत नाही. शेवटी आत्याने बांगड्या आणि आजीने दिलेली मोहनमाळ बँकेत ठेवून गोल्ड लोन काढलं आणि सगळ्यांचा हिशेब चुकता केला. हे तिने मला नाही सांगितलं, आजीने सांगितलं. त्या वर्षी आत्याकडे आजवरची सगळ्यात जास्त कामं होती. वर्षाच्या ताळेबंदात नफासुद्धा होता!

तुम्ही म्हणाल, कायदा नाही का? आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. पण माल आणि मजुरी मिळून जे ठेक्याचं काम असतं, त्याला हा कायदा लागू पडतो का, यावरच कोर्टात वाद झालेले आहेत. आणि ज्याच्याकडून पुढचं काम हवंय त्याच्यावर केस करणार कोण? म्हणून कायद्यापेक्षा आधीचा करार महत्त्वाचा, हे आत्याचं मत.

"नाही" म्हणण्याचं गणित

पुढच्याच महिन्यात तिला एका कंपनीकडून तीन मजल्यांच्या ऑफिसचं काम विचारण्यात आलं. आतापर्यंतचं सगळ्यात मोठं काम. घरात सगळे म्हणाले, देव पावला, आता बांगड्या सुटतील. आत्याने दोन रात्री वहीत आकडे मांडले आणि नाही म्हणून कळवलं. काकांनी आठवडाभर तिच्याशी धड बोलणं टाकलं होतं म्हणे.

तिचं डोकं फिरलं नव्हतं. ती जे करत होती त्याला आपल्या भाषेत लिटल्स लॉ म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली तो सिद्ध केला. नियम इतका सोपा आहे की आधी विश्वास बसत नाही: आत असलेली कामं = कामं संपण्याचा वेग × एका कामाला लागणारा वेळ. आपल्या मेसच्या रांगेत ६० जण उभे आहेत आणि मावशी मिनिटाला चारजणांना वाढतात, तर शेवटच्याला किती वेळ? पंधरा मिनिटं. ओरडून, ताट वाजवून काही फरक पडत नाही!

आत्याची टीम महिन्याला सरासरी दोन साईट्स पूर्ण करत होती. हातात नऊ. म्हणजे प्रत्येक साईटला सरासरी साडेचार महिने. गिऱ्हाईकाला शब्द दिला होता तीन महिन्यांचा. उशीर कोणाच्या आळशीपणामुळे होत नव्हता, तो आकड्यांतच होता. तीन महिन्यांचा शब्द पाळायचा तर हातात सहाच साईट्स हव्यात. उशीर कमी झाला की शेवटचा हप्ता लवकर येतो, म्हणजे खड्डाही उथळ होतो. तीन मजल्यांचं काम घेतलं असतं तर वेग तोच, आतली कामं वाढलेली, आणि पैसे ६० दिवसांनी.

मी तिला विचारलं, "मग कर्ज काढून टीम वाढवायची होतीस ना? तारण नसलं तरी छोट्या उद्योगांना कर्ज मिळावं म्हणून सीजीटीएमएसई नावाची हमी योजना २००० सालापासून आहे." ती म्हणाली, "वाढवता आली असती. पण जी व्यवस्था नऊ साईट्सना गडबडते तिला पंधरा देऊन काय होणार? आधी सहा नीट करून दाखवते, मग बघू." मला हे शंभर टक्के पटलं असं नाही. कदाचित तिने घेतलं असतं तर आज तिची मोठी कंपनी असती. पण ज्याच्या हाताखाली बाराजणांची चूल आहे, त्याने "कदाचित"वर किती खेळायचं, हा प्रश्न मला त्यानंतर पडलाय.

मग तिने केलं काय?

पहिलं म्हणजे, पैशाचे टप्पे बदलले. मधल्या ४० टक्क्यांचे दोन तुकडे केले: २५ टक्के कपाटांचे बॉक्स उभे राहिल्यावर, साधारण दुसऱ्या महिन्याच्या मध्याला, आणि १५ टक्के लॅमिनेट लागल्यावर. वरचंच १० लाखांचं उदाहरण पुन्हा मांडून बघा, आता कुठल्याही दिवशी आकडा शून्याच्या खाली जात नाही. दर एक रुपयाही न वाढवता! टप्प्याचा पैसा आला नाही तर पुढचं काम सुरू होत नाही, हे करारात लिहिलेलं. जीएसटीचे पैसे वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही.

दुसरं, "जरा हे पण करून टाका ना" यावर इलाज. ही प्रत्येक गिऱ्हाईकाची आवडती ओळ. एक शेल्फ वाढवा, एक पॉइंट सरकवा. प्रत्येक गोष्ट छोटी, पण पन्नास छोट्या गोष्टींचा महिना होतो. आता बदल कागदावर येतो: काय, किती रुपये, किती दिवस, आणि खाली सही. आत्या म्हणते, कागद पुढे केला की निम्म्या लोकांना ते शेल्फ नकोसं होतं.

तिसरं, मापांचं प्रमाणीकरण. यात आपल्या मेकॅनिकलवाल्यांना मजा वाटेल. प्लायची शीट आठ बाय चार फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. बॉक्सच्या बाजूची पट्टी ६०० मिलिमीटरची ठेवली तर रुंदीत दोन पट्ट्या बसतात आणि करवतीच्या पात्याची जाडी जाऊनही थोडं उरतं. तीच ६२५ ची केली तर एकच पट्टी निघते आणि ५९५ चा तुकडा उरतो, जो पुढच्या ६२५ च्या पट्टीला चालत नाही. कागदावर फक्त एक इंचाचा फरक! म्हणून आता ड्रॉइंग काढणाऱ्या मुलीसमोर ठरलेल्या मापांची यादी भिंतीवर चिकटवलेली आहे. किचन-बाथरूमजवळ आयएस ७१० चा मरीन प्लाय, बाकी कोरड्या जागी आयएस ३०३ चा, हेही त्याच यादीत. दर वेळी नव्याने डोकं चालवायचं नाही, डोकं डिझाईनसाठी राखून ठेवायचं.

चौथं, पीओपी बंद होण्याआधी, टाइल लागण्याआधी, लॅमिनेट चिकटण्याआधी एक चेकलिस्ट. जे नंतर झाकलं जाणार, ते आधी तपासून फोटो काढून ठेवायचं.

मिस्त्रीचं काय करायचं?

सगळ्यात अवघड प्रश्न हा होता, आणि याला सूत्र नाही. हेडमिस्त्री पहिल्या दिवसापासून आत्याबरोबर. वयाने तिच्याहून मोठे. ड्रॉइंग एकदा बघितलं की पुन्हा बघत नाहीत. पण साईट्स वाढल्यावर आत्याने डिप्लोमा झालेला सुपरवायझर ठेवला, आणि तो मिलिमीटरमध्ये बोलायला लागला. मिस्त्री बोलतात इंच आणि सुतात. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या जरा आत.) सुपरवायझर म्हणे, "गॅप तीन एमएम ठेवा." मिस्त्री म्हणत, "एक सूत रखा है, तुम मशीन लेके नापो." दोघांचं म्हणणं एकच! पण भांडण मापाचं नव्हतंच. कालचं पोरगं मला सांगणार का, हे भांडण होतं. ग्रायनरसाहेबांनी ज्याला स्वायत्ततेचं संकट म्हटलंय, ते आमच्या पुण्यातल्या साईटवर असं दिसलं.

एक दिवस मिस्त्रींनी हत्यारांची पेटी उचलली आणि म्हणाले, "मॅडमजी, अब आपको मेरी जरूरत नहीं." ते गेले असते तर त्यांच्याबरोबर सहा सुतार गेले असते. आत्याने त्यांना थांबवायला पगार वाढवला नाही. तिने त्यांना एका साईटवर बांधून ठेवणं बंद केलं. आता ते सगळ्या सहा साईट्स फिरतात, आणि त्यांनी "ठीक है" म्हटल्याशिवाय लॅमिनेट चिकटत नाही. वेळापत्रक, मागवणं, हिशेब सुपरवायझरचं. हाताचं काम कसं झालंय ते मिस्त्री ठरवणार. पाच हजारांपर्यंतचा निर्णय सुपरवायझर आत्याला न विचारता घेतो, त्यावरचं तिला विचारायचं. ड्रॉइंगवर आता मिलिमीटरच्या खाली कंसात इंच-सूतही छापतात. ही सोपी गोष्ट, पण दोघांचाही मान राहिला.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका. मी होते तेव्हाच सुपरवायझरने आपल्या अधिकारात स्वस्तातली बिजागरी मागवली आणि आत्याचा पारा चढला. म्हणजे ग्रायनरची पुढची पायरी आलीच! त्या बिल्डरने पैसे शेवटी दिले, पण थोडे कापून. बांगड्या सुटल्या, मोहनमाळ सुटायला आणखी वर्ष लागलं.

तर मंडळी, उद्या तुमच्यापैकी कोणी ॲप काढेल, कोणी फॅब्रिकेशनचं शॉप टाकेल, कोणी वडिलांचं दुकान वाढवेल. पहिली मोठी ऑर्डर आली की पार्टी जरूर करा (आम्हालाही बोलवा). पण त्याआधी एका कागदावर तीन आकडे मांडा: हातात किती कामं आहेत, महिन्याला किती संपतात, आणि कुठल्या दिवशी आपला खड्डा सगळ्यात खोल असेल. तिसरा आकडा बघून रात्री झोप लागणार असेल तर ऑर्डर घ्या.

आणि हो, तोवर हा लिटल्स लॉ सबमिशनला लावून बघा. माझ्या हातात सध्या अकरा असाइनमेंट्स आहेत आणि माझा वेग आठवड्याला दोन. भागाकार तुम्हीच करा, मला बघवत नाही!